गाडी तापेपर्यंत

आमची जुनी गाडी सकाळी शहाण्यासारखी सुरू व्हायची आणि तापली की भर रस्त्यात मान टाकायची. सोलापूरच्या उन्हात तापायला वेळ तो कितीसा लागणार! एकदा सात रस्ता चौकात असा खोळंबा केला की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून दमले. मीही काही कमी नाही. खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "उडवून नेऊ का आता?" शेजारी बसलेले आमचे हे मात्र खाली मान घालून बसले होते.

अर्धांगाच्या झटक्यात ह्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं. एखादा शब्द येतो, तोही विहिरीतून ओढून काढल्यासारखा. रिक्षात चढवायला दोघं-तिघं लागतात, आणि कुणी काखेत हात घातला की ह्यांचा चेहरा बघवत नाही. आमच्या ह्या बुटक्या गाडीत मात्र आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे, असं करत हे स्वतःचे स्वतः बसतात. म्हणून तर व्यायामाच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघंच जायचो. पुण्याहून मुलाने फोनवर बजावलं, "आई, आणखी एकदा बाबांना घेऊन रस्त्यात अडकलीस, तर ही गाडी विकायची. मोठी घेऊ, ड्रायव्हर ठेवू." त्याचं चुकत नव्हतं. पण ड्रायव्हरने उचलून ठेवलेला नवरा मला नको होता.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, कॉईलवर ओलं फडकं ठेवलं आणि गाडी सुरू झाली. "काकू, ठिणगी देणारी कॉईल गेलीय की. गार हाय तवर चालती. नवी घ्या, पण बघून घ्या." बघून घ्या म्हणजे काय बघू, कपाळ माझं? भाजी कळते, साडी कळते. कॉईल म्हणजे माझ्या लेखी मुठीत मावणारा एक डबा.

स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावरच पाटी होती, विजेचा माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे चुकीची घेतली तर पैसे पाण्यात. दुकानदाराने दोन कॉईल पुढे ठेवल्या. एक चकचकीत, हल्लीची. दुसरीचा खोका पिवळा पडलेला, जुन्या स्टॉकातली, पण कोरी. "कुटली देऊ?"

"मला काय विचारता! गाडीचं सगळं हेच बघायचे. श्रीपूरच्या नोकरीवरून सुट्टीला आले की आधी बॉनेटमध्ये डोकं, मग चहा. पण आता त्यांना बोलता येत नाही हो."

"बोलता येत न्हाय, पण कळतंय की," असं म्हणून तो दोन्ही कॉईल घेऊन सरळ पायऱ्या उतरला आणि गाडीच्या खिडकीत वाकला. "काका, कुटली बसवू?"

झटक्यापासून ह्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. डॉक्टर मला विचारायचे, पाहुणे मला विचारायचे, ह्यांच्या देखत "ह्यांना चहा चालतो का" हेसुद्धा मलाच. ह्यांनी डाव्या हातात एक कॉईल घेतली, फिरवून बघितली, दुकानदाराने बॉनेटमधून जुनी काढून दिली तिच्याशी ताडून पाहिली. मग दुसरी. मी "अहो, आटपा" म्हणणार, तेवढ्यात दुकानदाराने मला हातानेच थांबवलं. लई वेळाने ह्यांनी पिवळ्या खोक्यातली त्याच्या हातात ठेवली. "ही."

त्याने दारातच ती बसवून दिली. वर म्हणाला, "पाटी राहू द्या, काकू. गाडी तापल्याबिगर कॉईलचं खरं कळत न्हाय. टेंभुर्णीच्या रस्त्याला लांब जाऊन या. बंद पडली तर फोन करा, मी दुसरी घेऊन येतो तितं." वयाने लहान होता, नाहीतर पायाच पडले असते. "तुझं भलं होऊ दे रे बाबा," एवढंच तोंडातून आलं.

दवाखाना सोडून आम्ही कित्येक महिन्यांत कुठं निघालोच नव्हतो, आणि हा तर ह्यांचा श्रीपूरच्या नोकरीला जायचा जुना रस्ता. रणरणतं ऊन, माझा जीव टांगणीला. जरा कुठं खडखड झाली की मी देवाचं नाव घ्यायची आणि हे माझ्याकडे बघून हसायचे. हो, हसायचे! गाडी तापल्याचा काटा चढला, बॉनेटवरच्या झळांमधून रस्ता हलल्यासारखा दिसायला लागला, तरी गाडी आपली चालतेय.

"तापली की हो! तरी चालतेय!" मी ओरडलेच. झालं, परीक्षा संपली. परत फिरायला दुभाजकाची फट दिसली तशी मी इंडिकेटर लावला. ह्यांनी डावा हात आणून माझ्या मनगटावर ठेवला.

"पु... पुढं."

"अहो, आता पुढं कशाला? झालं की काम!"

"पुढं," ते म्हणाले. ह्या खेपेला अगदी स्वच्छ.

डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि इंडिकेटर बंद केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचं मी इतक्या पटकन कधी ऐकलं नव्हतं.