मामा ड्युटीवर गेलाय

फोन आला तेव्हा मी माझ्या लेकीच्या, स्वराच्या वेण्या घालत होते. एक झाली होती, दुसरीचे केस हातात होते. दादाच्या मित्राचा फोन, तो नुसता ताई ताई करत राहिला आणि मग म्हणाला तू ये, बस, पुढे काहीच नाही. मला कळलं. उमेशदादा, माझा सख्खा मोठा भाऊ, डेंग्यूने ॲडमिट होता. पण आदल्या दिवशीच मी त्याला बघून आले होते, तो उठून बसला होता, आईने पपईच्या पानांचा रस नेलेला तो पीत होता आणि तोंड वाकडं करून म्हणत होता, याच्यापेक्षा डेंग्यू बरा. असा बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नसतो, हे माझ्या डोक्यातच शिरेना. मी भिंतीला टेकून खाली बसले, आणि स्वरा मान मागे वळवून बघते तर मी अशी... ती म्हणाली, मामाचा फोन होता? मी म्हटलं हो. काय म्हणाला? मी म्हटलं, मामा ड्युटीवर गेलाय. तेवढंच तोंडातून निघालं. ती साडेचार वर्षांची आहे. तिला मी काय सांगणार होते, मला स्वतःलाच कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

मी नववीपर्यंत शिकलेय, असं काही कधी लिहिलेलं नाही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या मनात ठेवू नको, लिही, म्हणून लिहितेय, पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

मी लहानपणापासून घाबरट. भांडुपला आमच्या चाळीत संडास बाहेर, सगळ्यांचा एकच, आणि तिथला दिवा कायम गेलेला. अंधार पडला की मी जायचेच नाही, पोट धरून बसायचे. मग दादा यायचा बरोबर. बाहेर उभा राहून मोठमोठ्याने गाणी म्हणायचा, म्हणजे मला आतून कळावं की तो आहे, गेलेला नाही. सूर नाही, ताल नाही, गाण्याचे शब्द पण स्वतःचेच घुसडलेले. शेजारचे ओरडायचे, ए उम्या, तुझी बहीण बाहेर येईपर्यंत आम्ही बहिरे होऊ. तो अजून जोरात म्हणायचा. आणि मी बाहेर आले की एकच वाक्य, आमच्या मालवणीत, घाबरतंस कित्याक गो, मी आसंय मा. मी आहे ना, म्हणून. माझ्या लग्नात पण पाठवणीच्या वेळी तेच म्हणाला आणि स्वराच्या वेळी मला कळा येत होत्या तेव्हा पण दाराबाहेरून तेच. मला वाटायचं हा आहे म्हणजे आहेच.

साकीनाक्याला एका गाळ्यात तो प्लास्टिकची झाकणं बनवायच्या मशीनवर होता. पण डिसेंबर आला की सकाळची शिफ्ट मारून दुपारी मॉलमध्ये जायचा, सांताक्लॉज व्हायला. एका कॉन्ट्रॅक्टरने पहिल्या वर्षी ठरलेला माणूस पळून गेला म्हणून त्याला उभा केला आणि मग दर वर्षी बोलवायला लागला. आता आमचा दादा म्हणजे काडी. पोटाला बांधायला काही नव्हतं तर स्वराची राईची उशी घेऊन गेला, ती तेव्हा तान्ही होती. वर अजून दोन टॉवेल. आई म्हणाली, मेल्या, लगीन करूचा सोडून ही कसली थेरां? तर म्हणे, आये, पोट येऊ दे आधी, मग मुली बघायला जाऊ.

मॉलच्या गेटवर त्याची ड्युटी, आणि तिथे दुपारचं ऊन थेट तोंडावर. झाडावर कापसाचा बर्फ चिकटवलेला, आणि त्याच्या शेजारी हा, डोक्यापासून पायापर्यंत लाल जाड कपडा, दाढी, हातमोजे, घंटा. लोक बाहेरून घाम पुसत यायचे आणि याच्याकडे बघून म्हणायचे, काय थंडी आहे ना. टोपीच्या आत तो ओला रुमाल ठेवायचा. दाढीच्या खाली त्याला घामोळं यायचं. डिसेंबर महिन्यात गालाला पावडर लावून बसलेला आख्ख्या चाळीत तो एकटाच. आई पावडर लावता लावता शिव्या द्यायची आणि तो आम्हाला दिवसभराचं सांगायचा, कोणत्या पोराने त्याच्याकडे काय मागितलं ते. एका पोराने नवीन बाबा मागितले म्हणाला. आम्ही हसलो. तो नाही हसला.

मला त्या मॉलमध्ये जायची भीती वाटायची. सरकता जिना मला येतच नव्हता. एकदा मी स्वराला कडेवर घेऊन जिन्यापुढे उभी, एक पाऊल पुढे, एक मागे, पाठीमागे लोकांची रांग, बायका म्हणतायत चलो ना आगे. घामाने माझा ड्रेस ओला. आणि तेवढ्यात घंटा वाजली आणि सांताक्लॉज आला, माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर मला जिन्यावर घेतलं. लोकांना वाटलं हा मॉलचाच कार्यक्रम आहे, टाळ्या वाजवल्या, मोबाईल काढले. मी लाजेने मेले. वर गेल्यावर तो दाढीतून हळूच म्हणाला, झालं? आता उतरताना पण असाच येऊ की फ्री पास संपला?

स्वरा मात्र पहिल्या वर्षी त्याला बघून किंचाळली. त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने तिथेच दाढी वर करून तोंड दाखवलं, मी गो, मी. मॅनेजरने झापला, पोरांसमोर दाढी काढायची नाही म्हणून. ती बोलायला लागल्यावर मग त्या दोघांनी एक खूण ठरवली. तिने कानात विचारायचं, मामा, जेवलंस? त्याने म्हणायचं, नाय गो, भूक लागली हा. बास, मग तिला पटायचं की आत मामाच आहे. आणि ती लाइनीतल्या बाकीच्या पोरांकडे अशी बघायची... जसा काय मॉलच तिचा. मामाने तिला सांगून ठेवलं होतं की खरा सांताक्लॉज मीच, दुकानांतले बाकीचे सगळे डुप्लिकेट. तिने ते मनापासून धरलं. त्यांची ड्युटी कोण लावतं, मामाच ना, असं मला विचारायची. मी पण हो म्हणायचे, मला काय माहीत पुढे काय होणार आहे.

नाताळच्या संध्याकाळी ड्युटी सुटली की तो आम्हाला गावठाणात फिरवायचा. त्या गल्ल्यांमध्ये दारोदारी चांदण्या लावलेल्या, खिडक्यांत लायटिंग, आणि चर्चच्या बाहेर गवत पसरून गोठा केलेला, त्यात बाळ. ऊन उतरलेलं असायचं, हवा जरा बरी, आणि तो, मी, माझा नवरा आणि स्वरा, बेकरीतून घेतलेला केक चौघांत वाटून खात चालायचो. आमच्या घरात नाताळ कधी नव्हता, आमचे सण सगळे गणपतीला आणि शिमग्याला. पण दादामुळे डिसेंबर आमचा झाला. त्याच्या ओळखीचे सगळे, कोणीतरी हाक मारून नेवऱ्या द्यायचं, आई घरी त्या खाऊन म्हणायची, आमच्या करंज्याच तर आहेत. मागच्या वर्षी स्वरा त्या गोठ्यासमोर खूप वेळ उभी राहिली आणि म्हणाली, याला मच्छरदाणी का नाही? दादाने इतक्या गंभीर तोंडाने तिथल्या एका काकांना विचारलं, काका, पोरगी विचारतेय बाळाला मच्छरदाणी का नाही. काका पण म्हणाले, आणतो हो, आणतो.

तो गेला, सगळं झालं, तेरावं पण झालं. स्वरा रोज विचारायची आणि मी रोज तेच, ड्युटीवर गेलाय. सासूबाई म्हणाल्या लहान आहे, विसरेल आपोआप. नवरा म्हणाला तू सांग, तू आई आहेस. आणि मी आईकडे गेले तर ती बोलतच नव्हती, नुसती बसून. मला वाटायचं एकदा तोंडाने म्हटलं की तो वारला, म्हणजे मग तो खरंच... आणि पोरगी कशी घेईल, तिला झटका बसला तर, ताप भरला तर, बोलायचीच बंद झाली तर. मला काय काय दिसायचं डोळ्यांसमोर. मी रोज सकाळी ठरवायचे आज सांगायचं, आणि तिने तोंड वर केलं की पाणी प्यायला उठायचे.

आणि मग डिसेंबर लागला. एका सकाळी बालवाडीत जाताना स्टेशनरीच्या दुकानाबाहेर लाल टोप्या टांगलेल्या दिसल्या आणि स्वरा माझा हात सोडून नाचायलाच लागली, मामाची ड्युटी सुरू झाली. मी रस्ता बदलला. मागच्या गल्लीने न्यायला लागले तर तिथे केकवाल्याने दाराशी प्लास्टिकचा सांताक्लॉज ठेवलेला, बटण दाबलं की कंबर हलवणारा. ती चपला वाजवत गेली, टाचा उंच केल्या आणि त्याच्या कानात म्हणाली, मामा, जेवलंस? थांबली. परत विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, हा बोलतच नाही गं. आत बसलेला माणूस हसला, बाकी गिऱ्हाइकं पण हसली. मला तिथे उभं राहवेना.

मग तिने धोसराच लावला, मॉलमध्ये चल, तो तिकडे असणार. रविवारी मी घेऊन गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही मला. एक वाटलं की तिने स्वतःच बघावं तो नाही ते, म्हणजे मला सांगायला नको. आणि खरं सांगू, रिक्षातून उतरल्यावर लांबून त्या उन्हात लाल कपडा दिसला ना, घंटा ऐकू आली, तर माझे पण पाय भरभर पडायला लागले. मी पण बघत होते तो कसा उभा राहतो ते...

जाडा माणूस होता, खुर्चीवर बसलेला, वयाने मोठा. पोट खरं. लाइन लांब होती. आमचा नंबर आला तशी स्वरा सवयीने त्याच्या मांडीवर चढली आणि कानाला तोंड लावलं. तो म्हणाला, क्या चाहिए बेटा? तिने परत कानात विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, क्या बोल रही है बच्ची? मी कसंबसं म्हटलं, खाना खाया क्या, पूछ रही है.

त्या माणसाने हातातली घंटा खाली ठेवली. एवढ्या पोरांत त्याला कोणी हे विचारलं नसणार. मग दाढीतल्या दाढीत हसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नहीं बेटा, अभी कहाँ. बहुत भूख लगी है."

उत्तर बरोबर होतं. नुसती भाषा दुसरी. स्वरा त्याच्याकडे बघत राहिली, एकदा डोळ्यांत, एकदा दाढीकडे, आणि मला वाटलं आता ही मला विचारेल आणि मी हो म्हणून टाकेन, हाच मामा, बरं नाही म्हणून आवाज बसलाय, म्हणून हिंदीत बोलतोय. एवढं सोपं होतं. एक वर्ष तरी निघालं असतं. पण ती खाली उतरली, चॉकलेट हातात घेतलं, त्याला थँक्यू म्हणाली, आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "हा नाहीये. चांगला आहे, पण हा नाहीये."

मग म्हणाली, "मामा कुठेय?"

तिथेच खांबाजवळ मी खाली बसले, तिच्या उंचीला. आजूबाजूला गाणी चालू, पोरं किंचाळतायत, आयाबाया फोटो काढतायत. मला वाटलं आता कोणीतरी मागून येऊन सांगेल घाबरू नको. कोणी आलं नाही. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "मामा वारला गं. ड्युटीवर नाही गेला, ते मी खोटं सांगितलं. त्याला खूप ताप आला होता आणि तो वारला. आता तो येणार नाही, कधीच..."

बोलता बोलता माझा आवाज चढला असणार. तिने पटकन चॉकलेटच्या हाताने माझं तोंड दाबलं. मागे वळून लाइनीतल्या पोरांकडे बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हळू बोल. त्यांना नको सांगू."

मला आधी समजलंच नाही. मग कळलं. खरा सांताक्लॉज वारला होता आणि एवढी सगळी पोरं लाइन लावून उभी होती.

आम्ही उठलो. निघताना ती त्या जाड्या माणसाच्या समोर थांबली. त्याने घंटा वाजवली, हात हलवला. तिने मला खाली वाकवलं आणि विचारलं, याला पण माहीत नाही ना? मी म्हटलं, नाही. तेव्हा ती त्याच्याकडे बघून नीट हसली, मोठा टाटा केला, परत एकदा केला. भर उन्हात माझं बोट धरून सरळ चालत राहिली, एक शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. कोपरा वळून मॉल दिसेनासा झाला तेव्हा थांबली, त्याला आता ऐकू जाणार नाही ना म्हणाली, आणि मग रडली.