जोडे घातलेली अक्षरं

सुकराम पेंटर फलक लिहून झाला की रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्यावर जायचे आणि एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायचे. बाजारात बैल पारखावा तसे. तिथून वाचता आलं नाही, तर परत येऊन अक्षरांच्या पायाशी रंगाची आणखी एक जाड पट्टी ओढायचे. आमच्या सानगडीत दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे फलक, टायरचं दुकान, ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळीकडे त्यांचीच अक्षरं: पहिलवानासारखी रुंद, प्रत्येक काना चौकोनी ठोकळ्यावर रोवून उभा.

"अक्षराले जोडे पाहिजे जी," ते म्हणायचे. "अनवाणी अक्षर दुरून कोणाले दिसते?"

मी मंडईच्या नाटकांतला खलनायक. त्या अक्षरांत माझं नाव झळकलं की मला चिकटवायच्या आधीच मिशी फुटायची.

ऐन मंडईत माझे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, वारले. गावभर सगळे त्यांना मोठेबाबाच म्हणत. चौकात फलक लिहायला आम्ही सुकरामजींना सांगितलं. त्यांनी हाताला येत होतं तेच अक्षर लिहिलं. लाल रंग, मागे पिवळी सावली, खाली जाडजूड जोडे: ‘मोठेबाबा गेले! आज दुपारी दोन वाजता.’ उद्गारचिन्ह सवयीनं पडलं होतं.

बाराच्या सुमारास परगावचं एक कुटुंब फलक वाचून, पत्ता विचारत, चटई बगलेत मारून आमच्या अंगणात हजर.

"स्टेज कुठं हाये जी?"

आत बाया रडत होत्या. गृहस्थांनी कान दिला आणि कौतुकानं मान हलवली. "वा! तालीम जोरात चालू हाये!"

मोठीआईचं, माझ्या थोरल्या काकूचं, रडणं जागीच थांबलं. आयुष्यभर स्टेजवर लाज सोडून हिंडलेला मी, तोंड लपवायला कोपरा शोधू लागलो. सुकरामजी दारातच होते. ते चौकात गेले, चुन्याचा डबा उघडला आणि सगळ्यांदेखत एकेका अक्षराचे जोडे पुसले. पिवळी सावली पुसली. उद्गारचिन्ह पुसलं. मग स्वतःच्या चपला फलकाखाली काढून ठेवल्या आणि अंत्ययात्रेत अनवाणी चालले.

तेरवीला मोठीआई त्यांना म्हणाली, "मनाले नका लावून घेऊ. त्यायले नाटकाचा लय शौक होता."

"तुमी माफ कराल बाई," ते खाली बघत म्हणाले, "पण मी त्या चौकातून कसा जाऊ?"

नाटकांचे फलक त्यांनी पुढेही लिहिले, निधनाचा मात्र एकही नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुकरामजी गेले. त्यांच्या निधनाचा फलक करून आणायचं काम माझ्याकडे आलं. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "जाडं ठोकळ्याचं अक्षर टाकू काय भाऊ? कम्प्युटरात सुकरामजीसारखंच हाये."

मी राजदरबारातल्यासारखा हात उचलला. "नको! बारीक टाक. सभ्य." त्यांची ती लाज त्यांच्या तिरडीपर्यंत न्यायची नव्हती मला.

फलक देखणा झाला. त्याच चौकात, पानठेल्यासमोर लावला. अंत्ययात्रेला मात्र घरची आणि शेजारची माणसं, बस्स.

दुसऱ्या दिवशी पानठेलेवाल्यानं मला अडवलं. "काहून सांगितलं नाही भाऊ? सुकरामजी गेले अन् आमाले खबर नाही?"

"समोर फलक होता ना!"

"कोणता फलक? मी तर दिवसभर इथंच बसून होतो."

मी त्याच्या ठेल्याशी उभा राहिलो, सुकरामजी उभे राहायचे तिथेच. एक डोळा मिटून रस्त्यापलीकडे पाहिलं. पांढऱ्यावर काळी रेघ तेवढी दिसली. त्यांचं नाव वाचता येत नव्हतं.