फुंकणीचा सूर

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी धानोऱ्याजवळच्या खेड्यात आले आणि हाती पडली ती बांबूची फुंकणी. चूल फुंकून कंटाळले की मी तिच्या काठावर ओठ टेकवून आडवी फुंकर मारायची. छान सूर निघे. दुसरं टोक तळहातानं बंद केलं की तो सूर खाली उतरे, आणि बंद ठेवूनच जोरात फुंकलं की उडी मारून थेट वरचा पंचम. सासूबाई वैतागायच्या.

"चूल पेटव ना बाई. वाजवत काऊन बसली?"

सासरे रामनवमीला देवळात पाळणा म्हणायचे. आदल्या वर्षी त्यांनी सुरुवातच इतकी उंच धरली की मध्येच आवाज फाटला आणि गाव हसलं. यंदाही तसंच झालं तर गाणं सोडीन, असं ते म्हणून बसले होते. नेमका रामनवमीच्याच सकाळी निरोप आला की भजनी मंडळीच्या बाजाच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलाय. दुरुस्ती करणारा माणूस थेट लांबच्या चांदा शहरातच होता.

"आता मले सूर कोन देईन?" सासरे ओसरीवर डोकं धरून बसले. "मी जातच नाई."

मला फार वाईट वाटलं. पण सुनेनं सासऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. मी चुलीपाशी बसूनच खालचा सूर दिला, मग हात काढून वरचा, मग पंचम. ओसरीवर ते गुणगुणले, अगदी त्याच सुरात.

सासूबाई आत आल्या. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. त्यांनी फुंकणी पदरानं पुसली.

"चाल. डोक्यावर पदर घे."

देवळात बायकांच्या घोळक्यात मी पदराआड फुंकत होते आणि सासूबाई आडोसा करून बसल्या होत्या. नाकाला काजळी लागलेली, हसू आवरेना. सासरे चढायला लागले की मी सूर द्यायची आणि ते मुकाट उतरायचे. पाळणा नीट पार पडला.

पुढे लेकाच्या पुस्तकात वाचलं, की नळीतल्या हवेत लाट जागच्या जागी उभी राहते आणि एक टोक बंद केलं की तीच लाट दुप्पट लांब होते. चित्र मात्र बासरीचं होतं, फुंकणीचं नाही. मला रागच आला.

त्या रामनवमीच्या दुसऱ्याच दिवशी मात्र सासऱ्यांनी नवा बांबू कापून आणला आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"सूनबाई, चुलीले हे घे. थे जुनी जपून ठेव. एकादशीले भजन हाय."