पडवीतला प्रिंटर

राग माझ्या नाकावर असतो. लग्न ठरलं तेव्हा पोशीरला, माझ्या माहेरी, ओटीवर बसून माझ्या आईने सासूबाईंना आधीच सांगून टाकलं होतं, की पोर कामाला वाघ आहे, पण तोंड आवरत नाही. सासूबाई म्हणाल्या, "चालंल. आमच्या घरात सगळी मुकीच हायेत." तेव्हापासून मी कुंभिवलीच्या त्या घरात सगळ्यांच्या वाटचं बोलत आले आहे.

शाळा मोबाइलवर भरत होत्या त्या काळात माझा नवरा आणि धाकटा दीर, दोघा भावांनी मिळून एक प्रिंटर घेतला. पुढे दोन वर्षांनी चुली वेगळ्या झाल्या. भांडण नव्हतं, जागा पुरत नव्हती. मधे भिंत आली, पडवी तेवढी सामाईक राहिली. आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. त्यामुळे मोठा वाटे पाडतानाच सरळ वागतो. त्याप्रमाणे पितळेची भांडी, गाद्या, कोयते, ताडपत्र्या असे दोन ढीग मी आणि नवऱ्याने लावले, धाकट्या जावेने डावीकडचा ढीग दाखवला, विषय संपला. प्रिंटर उरला. तो ज्या ढिगात घालावा तो जड व्हायचा. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो मधी ऱ्हाऊ दे, पडवीत. ज्याला लागंल त्यानं वापरावा."

वायफायही तसंच. कनेक्शन माझ्या नावावर, डबा माझ्या भिंतीवर, पण पासवर्ड दोन्ही घरांना पाठ. सासऱ्यांच्या शेवटच्या बैलाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार. पाहुणे आले की सासूबाई चहाआधी पासवर्ड सांगायच्या.

तो मी बदलला. हायवेलगतच्या एका गोदामात मी बिलं काढायचं काम करते. एका रविवारी घरून मीटिंग होती आणि साहेबांचा चेहरा तीनदा गोठला. भिंतीपलीकडून जावेच्या मोबाइलचा आवाज येत होता, कसलीतरी गाणी. माझी जाऊ दुपारभर मोबाइल बघत लोळते, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मीटिंग संपल्यावर त्याच तिरमिरीत मी नवा पासवर्ड टाकला: माहेरच्या गावाचं नाव आणि माझा दहावीचा नंबर. नवऱ्याच्या आणि मुलीच्या फोनात घालून दिला. पलीकडे सांगितलं नाही. म्हटलं, लागला तर मागेल. मागितला की देईन, पण दोन शब्द सुनावून देईन. तिने मागितलाच नाही. गाणी बंद झाली आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो दिवस आला. गावातल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. घरापासून हाकेच्या अंतरावर. जावेला ती जागा हवी होती. बारावी झालेली बाई, लहान पोरांची हौस असलेली, आणि लग्नापासून तिने तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट. अर्ज खालापूरच्या कचेरीत हातोहात द्यायचा होता आणि त्या दिवशी पाच वाजता मुदत संपत होती. बाकी कागद गोळा झाले होते, रहिवासी दाखला मात्र त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन आला. अर्ज माझ्या लॅपटॉपवर मीच टाइप केला होता. मी मुद्दाम रजा टाकली होती. मला मदत करायची होती, हेही खरंच आहे.

अकरा वाजता जाऊ पिशवी घेऊन तयार होती. म्हणाली, "ताई, मोबाइलवर पाठवता का? खालापूरलाच झेरॉक्सवाल्याकडं काढते."

"घरात प्रिंटर असताना त्याच्या दारात कशाला उभी राहतेस? दोन मिनिटांचं काम आहे, बस."

ती बसली.

मी प्रिंटचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. लॅपटॉप म्हणाला, प्रिंटर ऑफलाइन आहे. मी पडवीत जाऊन पाहिलं तर तो चांगला दिवा लावून बसला होता. बंद करून चालू केला. वायफायचा डबा बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी परत येऊन प्रिंट दाबत होते, आणि प्रत्येक वेळी तेच, ऑफलाइन. जावेचं आधार कार्ड काचेवर ठेवून नक्कल काढली तर झकास निघाली. म्हणजे शाई होती, कागद होता, यंत्र धडधाकट होतं. फक्त माझं ऐकत नव्हतं. माझं डोकं तिथेच फिरलं.

म्हटलं, लांब पडत असेल. प्रिंटर उचलून माझ्या घरात आणला आणि वायफायच्या डब्याखाली स्टुलावर ठेवला. सासूबाई मागून आल्या. "अगं, देव हलवल्यावानी कुटं नेतेस त्याला?" मी म्हटलं, "आई, आत्ता मधे बोलू नका." ऑफलाइन.

मग मला वायर आठवली. खोक्यात एक वायर आलेली होती, ती थेट जोडली की वायफायची गरजच नाही. खोकं मिळालं, वायर मिळेना. शोधून शोधून दोन कपाटं उपसली. शेवटी सासूबाईंना विचारलं.

"काळी? जाड? ती मी दोडक्याच्या मांडवाला बांधली. लई चिवट हाय, येवढ्या पावसात ढिली नाय झाली."

मी परसात गेले. मांडवाच्या खांबाला ती वायर चार वेढे घालून अशी आवळली होती की विळ्याच्या टोकाने गाठ सोडवावी लागली. तोंडावर गंज चढला होता. पुसली, फुंकली, रॉकेलचा बोळा फिरवला. लॅपटॉपला लावली. लॅपटॉपने दखलही घेतली नाही. मी सासूबाईंना काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या परसात गेल्या आणि दोडक्याचा वेल दुसऱ्या दोरीने बांधून आल्या.

दीड वाजला. गोदामातला कॉम्प्युटर बघणारा माणूस जेवत होता, तरी मी त्याला फोनवर धरून ठेवलं. तो शांतपणे विचारत गेला. कागद आहे? आहे. दिवा कुठला लागलाय? निळा, लुकलुकतोय. मग म्हणाला, "मॅडम, वायफायमध्ये काही बदल केलाय का अलीकडे?"

"काही नाही. कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

हे मी ठणकावून सांगितलं. आमच्या गोदामात प्रिंटर वायरवर चालतात. प्रिंटर हाही फोनसारखाच पासवर्ड लक्षात ठेवून बसतो, हे माझ्या डोक्यात शिरलेलंच नव्हतं. तो म्हणाला, मग प्रिंटर काढून टाका आणि पुन्हा नव्याने जोडा. मी जोडायला गेले तर लॅपटॉपला प्रिंटर सापडेना. जुनी नोंद काढली नव्हती, तीच ठेवली आणि पुन्हा प्रिंट दाबलं.

जाऊ दाराशी बसून होती. मधे उठून तिने मला ताट वाढून आणलं, मी हात लावला नाही. अडीच वाजता ती पुन्हा म्हणाली, "ताई, मी जाऊ का खालापूरला?"

"जा! माझ्यावर भरवसा नसेल तर जा!" मी ओरडले. "सकाळपासून मी इथे कोणासाठी मरतेय?"

ती पुन्हा बसली. तिने उठून जायला हवं होतं. माझ्या तोंडापुढे कोणी उठून जात नाही, ही आमच्या घराची सवय, आणि ती लावली कोणी?

साडेतीनला मी स्टुलासमोर जमिनीवर बसले होते आणि मला रडू येत होतं, रागाचं. तेव्हा जाऊ हळूच म्हणाली, "ताई, त्याला नवा पासवर्ड दिलाय का?"

मी मान वळवली. "नवा पासवर्ड तुला काय माहीत?"

"नवा कुटला ते नाय माहीत. जुना चालत नाय, येवढं माहीत हाय. आमाला नाय दिला तुमी. म्हणलं, त्याला बी नसंल दिला."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि भांडायला मला येतं. मी त्याही वेळी ओरडलेच, "हे सकाळी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "तुमीच बदललेला. मला वाटलं, तुमच्या ध्यानात आसंल."

प्रिंटरला दोन बोटांएवढी पाटी आहे. तिच्यावर बाण दाबत दाबत एकेक अक्षर शोधायचं. माझ्या माहेरचं गाव मी तीनदा लिहिलं आणि तीनदा चुकलं, कारण पहिलं अक्षर मोठं होतं हे आठवत नव्हतं. चार वाजायला आले. जाऊ उठून उभी राहिली. "चला ताई, निघू आता," म्हणाली. पहिल्यांदा तिने मला सांगितलं आणि मी ऐकलं.

हायवेला येऊन आम्ही शेअर रिक्षा धरली. ती भरेपर्यंत दहा मिनिटं गेली. बसल्या बसल्या मला गप्प राहवेना. म्हटलं, "दाखला काढायला तरी एवढा उशीर का केलास? दोन आठवडे आधी करायचा."

"जाहिरात ग्रुपवर आल्याली. माझं नेट संपल्यालं, घरचं वायफाय बी लागंना. शेजारणीनं सांगितलं तवा कळलं. निम्मे दिवस गेलेले."

"आणि त्याआधी दुपारभर काय बघायचीस गं मोबाइलवर?"

"पोरांची गाणी. अंगणवाडीत घ्यावी लागतात ना. पाठ करत व्हते."

रिक्षात आणखी चार माणसं होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तोच अर्ज घेऊन तीन बाया आमच्या आधी उभ्या होत्या. आमचा नंबर लागला, माझ्या मोबाइलवरून कागद दोन मिनिटांत निघाले. सह्या करायच्या, फोटो चिकटवायचा, कागद क्रमाने लावायचे. जाऊ एकेक सही सावकाश, नीट करत होती आणि मी तिला घाई करत होते. खिडकीशी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आतल्या माणसाने वही फिरवून आम्हाला दाखवली. शेवटच्या नावाखाली त्याने लाल पेनाने आडवी रेघ मारली होती.

मी तिथे काय काय बोलले! बाईमाणसाला ताटकळत ठेवता, पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळतं, वरपर्यंत जाईन. तो माणूस काही वावगं बोलला नाही. म्हणाला, "रेघ मारल्यावर मला नाव घालता येत नाही, ताई." त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मी आणखी चढ्या आवाजात बोलत होते. जावेने माझं कोपर धरलं. "चला. माणसं बघतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी प्रिंटर पुन्हा पडवीत नेऊन ठेवला आणि पाटीवर पासवर्ड लिहिला. पहिलं अक्षर मोठं. एका झटक्यात जमलं. निळा दिवा लुकलुकायचा थांबला. मी लॅपटॉप उघडला, तोच प्रिंटर खडखडला आणि कागद ओढायला लागला.

आधी अर्ज. मग दाखला. मग पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला. आदल्या दिवशी मी जितक्या वेळा रागाने बटण दाबलं होतं, तितक्या वेळा. सगळं लॅपटॉपमध्ये साठून राहिलं होतं. मला ते थांबवता येईना, आणि खरं सांगायचं तर मी थांबवायला गेलेही नाही. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आता चालला व्हय गं ह्यो?" अकरा अर्ज निघाले. अकराही अर्जांवर जावेचं नाव, शिक्षण, वय, आणि खाली सहीची मोकळी जागा.

आवाज ऐकून जाऊ पलीकडून आली. हात पिठाचे होते, ते तिने पदराला पुसले. कागद उचलले, गुडघ्यावर आपटून सारखे केले आणि उलटून बघितले. "मागनं कोरे हायेत. पोरीला गणितं कराया व्हतील."

मी म्हटलं, "थांब. नवा पासवर्ड सांगते. फोन आण."

"ऱ्हाऊ द्या, ताई. आमी रिचार्ज मारलाय."

"मग हा प्रिंटर तरी तुझ्याकडे ने. तूच ठेव, मला नको."

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा तिने कधी दिला नव्हता. "मोठ्यांनी वाटे पाडायचे आणि मी उचलायचं, आसंच हाय ना आपल्यात?" ती म्हणाली. "ह्या टायमाला तुमी वाटे पाडलं, आणि उचललं बी तुमीच."

ती कागद घेऊन आत गेली. पलीकडून पोळपाटाचा आवाज येऊ लागला. पुढे पाऊस संपला, अंगणवाडीत गावातल्याच दुसऱ्या घरची सून लागली. पासवर्ड मी त्याच आठवड्यात परत बैलाच्या नावाचा केला आणि तो दोन्ही घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितला. पलीकडच्या घरातला एकही फोन अजून माझ्या वायफायला जोडलेला नाही. मी रोज बघते.