नावाचं कडवं राहिलं

म्हादबा शाहीर गेल्याची बातमी कंधारच्या एका गाडीवानानं लातूरच्या गंजबाजारात मला आणून दिली, आणि ती गंजातल्या लोकांना सांगायची पाळी माझ्यावर आली. मी म्हणालो, "म्हादबा गेला." तर लोक हसले! हमालांनी पाठीवरची पोती खाली टेकवली, आडत्यानं पानाचा डबा पुढं सारला आणि म्हणाला, "हां, मग? फुडं काय झालं?" माझ्या तोंडून खरं ऐकायची सवयच नव्हती कुणाला. पुढं काही झालं नव्हतं... मी तिथंच मातीत बसलो, तेव्हा कुठं एकेकाचं हसू उतरलं.

मिसरूड फुटल्यापासून आमची जोडी. त्याच्या हातात डफ, माझ्या हातात तुणतुणं. त्याच्या आवाजाचं काय सांगू! नांदेडच्या घाटावर त्यानं एक हाक लावली तर गोदावरीच्या पलीकडच्या म्हशी पाण्याबाहेर येऊन रांगेत उभ्या राहायच्या. पण देवानं एका हातानं आवाज दिला आणि दुसऱ्या हातानं दमा. छाती अशी वाजायची की एकदा नांदेडच्या टेसनात आम्ही बाकड्यावर बसलो असता ती शिट्टी ऐकून उभी मालगाडी सुटली. गार्ड हिरवं निशाण घेऊन पार उमरीपर्यंत मागं पळाला. त्यात आमचा हंगाम मोठा खोडसाळ. कापूस फुटला की जत्रा सुरू, आणि कापूस फुटला की हवेत रुई. कापूस पिंजायच्या जिनावरून नुसतं चालत गेलं तरी म्हादबा भिंतीला हात टेकायचा. नांदेडच्या हकिमानं नाडी धरून सांगितलं, "शाहीर, गाना छोड दो." म्हादबा थांबत थांबत म्हणाला, "हकीमसाब, गाणं सोडून दम वाचवला... तर त्या दमाचं करू काय?"

मृग निघाला की हैदराबादेला दम्याचं औषध भरलेला जिवंत मासा गिळायला देतात. माळकरी असून म्हादबानं तोही गिळला, डोळे मिटून, देवाची माफी मागून. मी गावोगाव सांगत सुटलो, की तासाभरानं मासाच वर आला आणि म्हणाला, "पाव्हणं, सोडा मला, आत माझाच जीव गुदमरून राहिलाय." हे ऐकून म्हादबा इतका हसला, की त्याला तिथंच धाप लागली. वहिनी पाठ चोळत मला ओरडल्या, "भावजी, त्यांना हसवून मारता का काय!"

खरं तर माझ्या थापांचा जन्मच त्या दम्यातून झाला. उमरीच्या बाजारात एकदा दुसऱ्याच कडव्याला त्याचा श्वास संपला. डफाचं चामडं सैल झालं की ते उन्हात तापवून ताणून घ्यावं लागतं. म्हादबानं तेच निमित्त केलं. लोकांकडं पाठ केली, डफ उन्हाला धरून बसला. मी तेवढा वेळ लोकांना धरून ठेवावं म्हणून एक थाप ठोकली. त्याला दम आला, तो उठला, गायला. मग तीच आमची रीत झाली. थाप किती लांबवायची ते त्याचे खांदे बघून ठरायचं. लोकांना वाटलं, शाहिरीची ही नवी तऱ्हाच आहे. पुढं लातूरकडचे बैलासारख्या छातीचे तरणे शाहीरसुद्धा दर कडव्याला पाठमोरे बसून डफ तापवायला लागले आणि शेजारी एक थापाड्या उभा करायला लागले! त्यातल्या एकानं अदबीनं विचारलं, "शाहीर, डफ किती येळ धरायचा असतो?" म्हादबा म्हणाला, "तुला लेका, धरायची गरजच न्हाई. नशीबवान हायेस."

शेवटचं गाणं कंधारजवळच्या जत्रेत झालं. कंधारच्या किल्ल्याचा पोवाडा, त्यानं स्वतः रचलेला, पुरा म्हणायचा त्याचा हट्ट. पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो, आणि आमच्यात तो जिता असेपर्यंत ते कडवं दुसरा कुणी म्हणत नाही. म्हटलं तर जित्या माणसाला पिंड दिल्यासारखं होतं. म्हादबा त्या कडव्यापर्यंत आला... आणि पाठमोरा बसला. मी भोकरच्या एका भोपळ्याची गोष्ट काढली. भोपळा एवढा मोठा की त्यात बैलजोडी हरवली, बैल शोधायला धनी शिरला, धन्याला शोधायला गाव शिरलं. खांदे वरखालीच होत होते. समोर बंदोबस्ताला बसलेले पोलिसांचे अमीनसाहेब खदखदून हसत होते, म्हणून गावाला शोधायला मी त्यांनाच घोड्यासकट भोपळ्यात घातलं. जवळ जाऊन कानात विचारलं, "मी म्हणू का रे?" त्यानं जोरात मान हलवली. मी परत भोपळ्यात शिरलो. दिवस बुडाला, तरी तो डफ तसाच धरून. कुणीतरी ओरडलं, "ओ शाहीर, ऊन गेलं की! काय तापवून राहिलात?" जत्रा हसली, "आज लई मजा आली" म्हणत पांगली. तेव्हा तो वळला. ओठ निळे झाले होते. म्हणाला, "नावाचंच राह्यलं बग..." मी म्हणालो, "फुडल्या जत्रंत म्हण." तो म्हणाला, "हाव. तवर तू... थाप चालू ठेव."

पुढली जत्रा त्याला दिसली नाही. तेराव्याला मी कंधारला गेलो. अंगण भरलं होतं. वहिनींनी डफ माझ्या हातात दिला. "भावजी, आता तुम्हीच म्हणा ते कडवं. तेवढ्याचाच त्यांना घोर होता." आता कुणाची हरकत नव्हती. कडवं मला पाठ होतं, छाती तर माझी दगडाची. मी उभा राहिलो, डफावर थाप मारली, तोंड उघडलं... आणि म्हणालो, "तर मंडळी, अमीनसाहेब घोड्यासकट भोपळ्यात शिरले..." कुणी हसलं नाही. कुणी थांबवलंही नाही. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या, आणि मी सांगत राहिलो.

डफ आता लातूरला माझ्याकडं आहे. रोज सकाळी उन्हात ठेवतो. लोक विचारतात, "त्या भोपळ्याचं फुडं काय झालं हो?" अजून काही झालं नाही. अमीनसाहेब आतच आहेत, घोड्यासकट. मी त्यांना बाहेर काढणार नाही.