पाणी न मागणारी गाडी

दुष्काळाच्या वर्षी गावच्या दूध सोसायटीने माझी पिकअप बंद केली आणि चुलतभावाची लावली. कारण पाणी. वस्त्यांवरचं दूध केजच्या शीतकरण केंद्रावर पोचेपर्यंत माझी जुनी गाडी तापायची. रेडिएटरला घागरभर पाणी लागायचं, आणि टँकरच्या रांगेतल्या बायकांकडे ते मागणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं होतं.

भावाची गाडी नवी. स्टिअरिंग एका हाताने फिरायचं, केबिनमध्ये गार वारा. तापणं तिला माहीत नव्हतं. रांगेतली एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लई गुणाची गाडी हाय. पाणी मागत न्हाई."

माझ्या गाडीबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं.

मी गाडीभोवती फिरून खोट शोधली. हौदा उंच होता. भरलेला कॅन चढवायला दोघं लागणार. एवढीच सापडली.

दुसरी खोट पहिल्याच फेरीला उघड झाली. माझा हॉर्न कधीचाच गेला होता. वस्ती आली की मी खिडकीतून हात काढून दार बडवायचो. जुना जाड पत्रा. आवाज शेतापलीकडे जायचा आणि लोक चरव्या घेऊन निघायचे. भावाने हॉर्न वाजवला. हॉर्न जीपवालेही वाजवतात. कुणी उठलं नाही. मग त्याने दार बडवलं. आतून प्लास्टिक लावलेलं ते दार नुसतं थपथप करत राहिलं. दूध घरोघरी राहिलं. जुनीच परत लावा, असं सोसायटीत बोलणं सुरू झालं. मी गाडीत डिझेल भरून ठेवलं.

संध्याकाळी भाऊ आला.

"दादा, तुझं दार दे की तेवढं."

"आन् मी काय रं, गोणपाट लावून हिंडू?"

"तसंबी ती कुठं हिंडतीय?"

तो हसला. दार मी दिलं नाही.

सकाळी रस्त्यावरून तोच धाडधाड आवाज आला. मी आधी अंगणात पाहिलं. माझी गाडी दारासकट जागेवर होती. भावाने खिडकीखाली तेलाचा रिकामा डबा बांधला होता आणि तो माझ्याच ठेक्यात बडवत होता. वस्तीवरून चरव्या निघाल्या. आमच्याही घरातून एक निघाली. पदर खोचत बायको रोजच्यासारखंच म्हणाली, "चला, गाडी आली."