भाऊजींचा महाल

मी एकदा एक अख्खा राजवाडा धुण्याच्या सोड्यात भिजत घातला, चांगला खळबळून काढला आणि त्याचं पाणी मोरीत सोडून दिलं. हे सांगितलं की नातवंडं म्हणतात, आजी फेकते. फेकत नाही. राजवाडा कापडाचा होता, आणि तो होता आमच्या ह्यांच्या मावसभावाचा, म्हणजे माझ्या भाऊजींचा. घर बांधून त्यात चित्रं टांगणारी माणसं जगात ढिगानं सापडतील. आधी चित्रं टांगून मग त्यांच्या मापानं घर वाढवणारा माणूस उभ्या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो आलापल्लीत लाकडाच्या डेपोवर कारकून होता.

भाताची कापणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं सुरू होतात. त्या नाटकांमागचे रंगवलेले मोठमोठे पडदे फाटले, विटले की कंपनीवाले टाकून देतात. भाऊजी ते आणायचे. एकदा बसच्या टपावर लांबलचक गुंडाळी चढवताना कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय जी?" भाऊजी म्हणाले, "महाल हाय." "मंग बसनं काऊन हिंडता? त्यातच राहा ना." भाऊजींनी त्याचं ऐकलं. पडदा उंच म्हणून त्यांनी कौलं उतरवून छप्पर वर नेलं, रुंद म्हणून दोन खोल्यांमधली भिंत पाडली. माझ्या जावेची भांड्यांची फळी त्या भिंतीबरोबर गेली ती पुन्हा उगवली नाही. ओसरीत 'रस्ता', स्वयंपाकघरात 'जंगल', आणि बैठकीत एकामागे एक 'महाल' आणि 'जेल', कप्पीला दोर लावून. फोडणीच्या धुरानं जंगल इतकं काळवंडलं की बारा महिने वणवा लागल्यासारखं दिसायचं. मागचं दार उघडलं की खरं सागाचं जंगल समोर, पण भाऊजी ते दार लावून घेत आणि कापडी जंगलापुढे चहा पीत. मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, खऱ्यात मच्छर हायेत."

घराची बाकी सजावट पडद्याला विचारून व्हायची. महालापुढे सोनेरी रंग दिलेली एकच खुर्ची. जंगलापुढे पाट मांडायची बंदी, तिथे झाडाच्या बुंध्यावर बसून जेवायचं. जावेनं हट्टानं टीव्ही आणला तर त्यांनी त्याच्याकडे बरेच दिवस कीव आल्यासारखं पाहिलं. "याच्यातबी सीन बदलते म्हणा, पण आपल्याले आत बसता नाई येत." पाहुणा आला की भाऊजी त्याला आधी नखशिखान्त पाहत, मग नाटकात पडदा बदलताना वाजवतात तशी शिट्टी फुंकत आणि दोर सोडत. आवडता माणूस असला तर महाल. मुक्काम लांबवणारा असला तर जेल. मला वर्षानुवर्षं ओसरीतच बसवत, रस्त्यापुढे. मला वाटायचं, वारा येतो म्हणून. मी तेव्हा चाळिशीत होते, नागपुरात गृहविज्ञान शिकून आले होते, आणि मला कळत नाही अशी गोष्ट अख्ख्या झाडीपट्टीत नाही अशी माझी खात्री होती.

हे सगळं चाललं असतं, पण भाऊजींची शुभा लग्नाला आली. पहिल्या पाहुण्यांना ओसरीत बसवलं तर मुलाचा मामा म्हणाला, "आपण घरी आलो का बसस्टँडवर?" आणि हसत हसत गेले ते गेलेच. दुसऱ्यांनी जंगलात जेवून तोच मार्ग धरला. तिसरं स्थळ गोंडपिपरीचं, मुलगा मास्तर, आणि तो शुभाला मनापासून आवडलेला. जाऊ माझ्याकडे येऊन रडली. "बाई, हे स्थळ गेलं तर पोरगी बोलाची नाई, पण आतून मरन. तुम्ही त्याईले सांगा, भिंती उघड्या ठेवा." मी सांगितलं. भाऊजींनी पुष्कळ विचार करून एवढंच मान्य केलं की बाकी काही दिसणार नाही, फक्त महाल टांगायचा. तो कळकट होता. तेव्हा ते डेपोवर गेल्यावर गृहविज्ञानानं उचल खाल्ली आणि मी महाल उतरवून हौदात टाकला.

ते रंग भुकटीचे, सरसात कालवलेले. पाणी लागताच खांब सुटले, मग झुंबरं, मग मोर, शेवटी सिंहासन. मला आधी वाटलं, केवढा मळ निघतोय. मी आणखी सोडा घातला. मोरीतून गुलाबी, निळं, सोनेरी पाणी वाहिलं आणि शेजारणीची पांढरी कोंबडी त्यात लोळून पुढे कित्येक दिवस जांभळी हिंडली. भाऊजी आले, दोरीवरचं पांढरं कापड पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सिंहासन कुठी गेलं?" मी म्हटलं, "मोरीत." ते आत जाऊन बसले. त्यांनी शिवी दिली असती तर मला घास गेला असता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. बैठकीत पोपडे आलेली उघडी भिंत. मुलाचे वडील म्हणजे भरघोस मिशांचे धिप्पाड शेतकरी. ते शुभाकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले. जावेनं पदर तोंडाशी धरला. शेवटी ते म्हणाले, "का जी भाऊ, पडदे कुठी हायेत? आमी तं पडद्याचं घर म्हनून आयकून आलो." जाऊ घाईनं म्हणाली, "महाल धुवायले टाकला हाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तरुणपणी मी नाटकात राणी होतो," ते मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "सोळा हाताचं लुगडं नेसून. महाल नाई तं नाई, जे हाय ते पाडा."

भाऊजींनी शिट्टी फुंकली आणि गजांसकट जेल खाली आलं. राणीसाहेब खुर्ची ओढून गजांना पाठ लावून बसले. "जेलातच मले जास्त टाळ्या पडत," म्हणाले, आणि तिथेच त्यांनी शुभाला जवळ बोलावून तिच्या हातावर साखर ठेवली. मास्तर मान खाली घालून हसत होता, आणि शुभा त्याच्याकडे बघत होती, बापाकडे नाही. ते भाऊजींनी पाहिलं.

पाहुणे गेल्यावर ते जेल गुंडाळत होते. दोर एकीकडे तिरपा जात होता, तरी त्यांच्या लक्षात येत नव्हतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊजी, तुमचा महाल मी घालवला, मला माफ करा." त्यांनी डोळे पुसले, मान न वळवता.

"बरंच केलं वहिनी तुमी. आता लग्नापर्यंत मी केव्हाबी रडलो तं लोकं म्हनतीन, महाल गेला म्हनून रडून राह्यला."